कठड्यावरचे दोन ठोके

१

प्रल्हादराव देवस्थळी गेले त्या दुपारी अटलांटाजवळच्या अल्फारेटातल्या त्यांच्या घरात तीन माणसं होती. पोलिसांनी पकडून नेलं ते चौथ्याला, जो बाहेर आपल्या गाडीत बसून जेवत होता.

हा चौथा म्हणजे सेड्रिक, माझी मैत्रीण डेल्फिन हिचा भाचा. त्याची आई लवकर गेली, म्हणून डेल्फिननेच त्याला वाढवलं. प्रल्हादरावांना पक्षाघात झाला, उजवी बाजू आणि वाचा दोन्ही गेली, तेव्हा त्यांच्या मुलाला, राजसला, ‘माणूस ठेवायचा तर हाच ठेव’ असं सांगणारी मीच. नर्सिंगचं शेवटचं वर्ष करता करता सेड्रिक दिवसभर प्रल्हादरावांचं सगळं करायचा.

मी उत्तरा. मूळची नागपूरची, आणि नोकरीची सगळी वर्षं अटलांटातल्या एका हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढलेली डॉक्टर. डेल्फिन माझी टेक्निशियन होती. ती स्लाइड करायची, मी मायक्रोस्कोपला डोळा लावायचे, आणि बोलायचो दोघी. रिटायर झाल्यावरही ती दर रविवारी माझ्याकडे येते. मी पोहे करते, ती त्यांना नावं ठेवते आणि पुन्हा वाढून घेते. काळी बाई दर आठवड्याला घरी जेवायला येते याचं आमच्या मंडळातल्या काहींना अजून नवल वाटतं. वाटू दे, मला त्यांच्या नवलाचं करायचंय काय!

त्या आठवड्यात ती गुरुवारीच आली. कोट न काढता खुर्चीत बसली.

‘‘ते म्हणतात, गुन्हा कबूल कर, दोन वर्षांत सुटशील. केस लढवलीस तर दहा वर्षं जातील. सोमवारी कोर्टात उत्तर द्यायचंय. आणि डॉक, तो सही करणार म्हणतोय. थकलाय गं तो.’’

जामीन तिला झेपणारा नव्हता, त्यामुळे सेड्रिक डिसेंबरपासून आतच होता. सही केली की पुढे आयुष्यात कुणी त्याच्या हातात साधा थर्मामीटरसुद्धा देणार नव्हतं.

‘‘मी त्यांना सांगितलं, मी या मुलाला वाढवलंय, तो असं करणार नाही. तर तो ऑफिसर म्हणाला, सगळ्या मावश्या असंच म्हणतात.’’

मला असा संताप आला की हातातला चहाचा कप मी ओट्यावर आपटलाच.

पोलिसांचं म्हणणं असं होतं. प्रल्हादरावांना नीट गिळता येत नसे. जेवण मिक्सरमधून काढलेलं, पाणीसुद्धा पावडर घालून दाट केलेलं. तरी त्यांच्या घशात एक हिरवं पान सापडलं. सेड्रिकच्या डब्यात बेसिलची पानं घातलेला पास्ता होता. म्हणजे त्यानेच आपल्या डब्यातला घास भरवला, म्हातारा गुदमरला, आणि हा घाबरून गाडीत जाऊन बसला.

कोर्टाने सेड्रिकला दिलेली वकीलबाई, मिस टॅलबट, हातात एवढ्या केसेस घेऊन फिरत होती की तिला माझ्यासाठी कोर्टाच्या जिन्यातच वेळ मिळाला. तिने फोनवर त्या पानाचा फोटो दाखवला. ‘‘उशीही भिजली होती,’’ ती म्हणाली. ‘‘बाकी काही नाही. बेसिलचं पान, बेसिलचा पास्ता. ज्युरीला समजायला सोपं आहे.’’

मी फोटो मोठा करून पाहिला. पास्त्यातलं बेसिल मोठं, गुळगुळीत, फुगीर असतं. हे पान माझ्या नखाएवढं, कडा कातरलेली. देठ जांभळट, त्यावर बारीक लव, आणि टोकाला फुलांचा तुरा.

‘‘हे बेसिलच्याच जातीचं आहे,’’ मी म्हटलं. ‘‘पण हे आम्ही खायला घालत नाही. आमच्यात माणूस जायला लागला, की त्याच्या तोंडात ठेवतात.’’

२

मिस टॅलबटने फोन पर्समध्ये टाकला. मग म्हणाली, ‘‘डॉक्टर, तुमच्यावर माझा विश्वास बसला. पण ही तुमची परंपरा सोमवारी कोर्टापुढे साक्ष देणार नाही. पान ठेवणारा माणूस हवा.’’

त्याच दुपारी मी तुरुंगाच्या व्हिडिओ कॉलवर सेड्रिकला भेटले. डेल्फिन माझ्या शेजारी बसली होती. सेड्रिकचे गाल बसले होते.

‘‘डबा खोलीत का नव्हता नेला?’’ मी विचारलं.

‘‘चिकन होतं त्यात. त्या घरात मांस चालत नाही. राजसच्या मावशींनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी रोज गाडीतच जेवायचो, थंडी असली तरी.’’

‘‘पोलिसांना सांगितलंस?’’

‘‘सांगितलं ना. ते म्हणाले, असला नियम कुठे असतो? म्हटलं, घरच्यांना विचारा.’’ तो जरासा हसला. ‘‘कुणी विचारलं नाही. घरच्यांना दुःख झालेलं होतं.’’

त्याच्या आणि प्रल्हादरावांच्या गोष्टी मला तोपर्यंत माहीत नव्हत्या. वाचा गेलेल्या त्या माणसाशी सेड्रिकने बोलायची युक्ती काढली होती. प्रल्हादरावांच्या डाव्या हातात अंगठी होती, आणि हॉस्पिटलच्या पलंगाला लोखंडी कठडा. एक ठोका म्हणजे हो, दोन म्हणजे नको.

‘‘पण काका मला नको म्हणायचेच नाहीत,’’ तो म्हणाला. ‘‘क्रिकेट लावू? ठक. खिडकी उघडू? ठक. मी जरा अभ्यास करू? ठक. परीक्षा झाल्यावर त्यांना पहिला रिझल्ट दाखवणार होतो.’’ त्याने तोंड फिरवलं. मग हळूच म्हणाला, ‘‘शेजारच्या कोठडीत कुणीतरी भिंतीवर वाजवतं. एकदाच. झोपेत मी पाणी द्यायला उठतो, आणि मग कळतं कुठे आहे ते.’’

डेल्फिनने स्क्रीनवर तळहात ठेवला. कॉल आपोआप बंद झाला तरी तिने तो काढला नाही.

३

देवस्थळींच्या घरी मी शुक्रवारी गेले. महिना उलटला होता, तरी खालच्या खोलीतला तो पलंग तसाच होता. चादर ओढलेली, कठडा वर केलेला. आत शिरताच बोलताना माझा आवाज आपोआप खाली आला.

संध्याताई स्वयंपाकघरात होत्या. त्या राजसच्या दिवंगत आईची बहीण, म्हणून घरात सगळ्यांची मावशी. कडक सोवळ्याच्या, आणि तितक्याच प्रेमळ. पान तुळशीचं म्हटल्यावर माझा पहिला संशय साहजिकच यांच्यावर होता.

मी पानाविषयी अवाक्षर काढलं नाही. त्यांनीच डोळ्याला पदर लावला. ‘‘ताई शेवटी आयसीयूत होती हो. तोंडात मशीन. तुळशीपाणी घालू देईनात. राजसला मी किती वेळा म्हटलं असेल, तुझी आई कोरडीच गेली रे. म्हटलं, निदान भावजींच्या वेळी तरी... पण तेही माझ्या नशिबी नव्हतं.’’

हे रडणं खोटं नव्हतं. आयुष्यभर मेलेली माणसं तपासली असली, तरी जिवंत माणसाचं एवढं मला कळतं.

थंडीमुळे तुळशीची कुंडी आत, सिंकजवळच्या खिडकीत ठेवलेली होती. एक फांदी मधूनच मोडलेली होती. ‘‘ही कुणी मोडली?’’ मी सहज विचारलं.

‘‘बघा ना! त्याच दिवशी. आदल्या दिवशी एकादशी, म्हणून मी दशमीलाच पानं काढून तांब्यात ठेवली होती. द्वादशीला तुळशीला हात लावायचा नसतो हे लहान पोराला कळतं. आणि इथे देठासकट, मंजिरीसकट ओरबाडलेली! म्हटलं, त्या सेड्रिकचाच हात लागला असेल.’’

‘‘तो ओट्याकडे यायचा?’’

त्या थबकल्या. ‘‘नाही. ओट्याकडे नाही यायचा. मीच सांगितलं होतं तसं.’’

वर त्यांच्या खोलीत टेबलावर लहान बाळांचा असतो तसला एक मॉनिटर होता. खालच्या खोलीतला आवाज त्यात यायचा. हिरवा दिवा अजून चालू होता, आणि बारीक खरखर येत होती.

‘‘बंद करवत नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘त्या दिवशी मी प्रवचन ऐकत होते. यातून ठोके आले. दोन. पुन्हा दोन. मग पुन्हा दोन. एरवी एकच यायचा. मग ठसका लागला, आणि मग काहीच नाही. मला वाटलं, सेड्रिक आहे तिथे, तो बघेल.’’

‘‘पोलिसांना हे असंच सांगितलंत?’’

‘‘मला मेलीला इंग्रजी कुठे येतं? ठोक्यांचं तेव्हा कुणालाच बोलले नाही; मला वाटलं सेड्रिक आहे तिथे, एवढंच मराठीत सांगितलं, आणि राजसने त्यांना समजावून दिलं.’’

सून चैत्राली तिच्या खोलीत लॅपटॉपपुढे होती. पुण्याहून लग्न करून आलेली, कामाला वाघ. ‘‘काकू, मी त्या वेळी प्रेझेंटेशन देत होते. कॅमेरा ऑन, सगळी टीम बघत होती. उठायचा चान्सच नव्हता.’’ तिने आवाज उतरवला. ‘‘खरं सांगू? सेड्रिकने भरवलं हे मला पटतच नाही. पाण्यात पावडर किती घालायची ते त्यानेच आम्हाला शिकवलं. मी आणि मावशी त्याला विचारूनच करायचो.’’

‘‘आणि राजस?’’

‘‘त्याला बाबांना तसं बघवायचंच नाही. खोलीत जायचाच नाही तो. दारातूनच हाय बाबा, बाय बाबा.’’

‘‘मग तुला पटत नाही हे तू कुणाला बोलली का नाहीस?’’

तिने लॅपटॉप मिटला. ‘‘राजस म्हणाला, लेट द पोलीस डू देअर जॉब. आपण कशाला मध्ये पडायचं?’’

राजस तळघरात होता. इथेच जन्मलेला, चाळिशीला आलेला, सरळ स्वभावाचा मुलगा. त्याचं ऑफिस तिथेच, जाड दरवाजाच्या आत. डोळ्यांखाली काळं झालेलं.

‘‘काकू, मी खाली होतो, हेडसेट लावून. इकडे काहीच ऐकू येत नाही. सेड्रिक ओरडत आला तेव्हाच कळलं. आय वॉज डाऊन हिअर द होल टाइम.’’

‘‘झोप लागत नाही का रे तुला?’’

मी हे काकूच्या मायेनेच विचारलं होतं, डिटेक्टिव्ह म्हणून नव्हे. त्याचे डोळे भरून आले. ‘‘नाही लागत. डोळे मिटले की ते ठोके ऐकू येतात. दोन, दोन. दोन, दोन. इट जस्ट डझंट स्टॉप, काकू.’’

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि जिना चढून वर आले. निम्म्या जिन्यात थांबून मी पुन्हा त्या जाड दरवाजाकडे पाहिलं.

४

शनिवारी मी पुन्हा गेले. डेल्फिनला म्हटलं, तू गाडीत थांब. ती म्हणाली, ‘‘आमच्या घरची माणसं तिथे गाडीतच थांबतात.’’ ती थांबली.

मी तिघांना त्या पलंगाच्या खोलीत बोलावलं. संध्याताई खुर्चीत बसल्या, चैत्राली भिंतीला टेकून उभी राहिली, आणि राजस उंबऱ्यातच.

‘‘प्रल्हादरावांच्या घशातलं पान तुळशीचं होतं,’’ मी म्हटलं. संध्याताईंनी तोंडावर हात घेतला. ‘‘सेड्रिक आपला डबा आत आणत नव्हता आणि ओट्याकडेही फिरकत नव्हता. आणि माणूस जाताना तुळशीचं पान घालावं, हे त्याला ठाऊक असायचं कारण नाही. म्हणजे घालणारं माणूस घरचंच. संध्याताईंकडे दशमीची तोडलेली पानं तयार होती. त्या द्वादशीला झाडाला हात लावणं शक्य नाही, आणि मंजिरीसकट तर नाहीच. ते पान कुणीतरी घाईत ओरबाडलं. हे करायचं असतं एवढं त्याला माहीत होतं, कसं करायचं ते नव्हतं.’’

मी पलंगाकडे वळले.

‘‘उशी भिजलेली होती. दाट केलेलं पाणी असं वाहत नाही, ते खिरीसारखं बसतं. म्हणजे पाणी साधं होतं. चैत्रालीला आणि संध्याताईंना पावडर माहीत होती. शिवाय चैत्राली सगळ्या टीमच्या डोळ्यांसमोर होती. पावडर माहीत नसलेलं या घरात एकच माणूस होतं.’’

‘‘काकू, प्लीज,’’ राजस म्हणाला.

‘‘आणि ठोके. संध्याताई म्हणतात, रोज एकच यायचा, त्या दिवशी पहिल्यांदा दोन-दोन आले. त्यांनी ते वर मॉनिटरवर ऐकले, आणि माझ्याखेरीज कुणालाच सांगितले नाहीत. तळघरात काहीच ऐकू येत नाही असं तूच म्हणालास. मग तुझ्या कानात दोन-दोन कुठून आले, राजस?’’

वरच्या मजल्यावरचा मॉनिटर चालू होता. माझेच शब्द तिकडून घोगरे होऊन जिन्यात परत आले. राजसने दचकून वर पाहिलं आणि तिथेच उंबऱ्यावर खाली बसला.

‘‘मी कॉफीला वर आलो,’’ तो म्हणाला. ‘‘बाबांचे डोळे वर गेले होते. घरघर लागली होती. मला वाटलं, धिस इज इट. आईची आठवण झाली. मावशी नेहमी म्हणायची, कोरडी गेली. मी धावत जाऊन तुळस तोडली, चमच्याने पाणी घातलं. त्यांनी डोळे उघडले, काकू. त्यांनी माझ्याकडे बघितलं. कठड्यावर वाजवत राहिले, आणि मला वाटलं, त्यांना अजून हवंय. मी अजून घातलं.’’

संध्याताई उठल्या, त्याच्याजवळ गेल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. पुढे केलेला हात त्याच्या डोक्यावर ठेवावा की नाही, हे त्यांना ठरवता येईना.

‘‘मग तू खाली पळालास,’’ मी म्हटलं.

‘‘आय फ्रोझ. मग पोलीस आले. त्यांनी मला काहीच विचारलं नाही. फक्त म्हणाले, याला कोण भरवतं? मी म्हटलं, सेड्रिक. ते खरंच होतं ना.’’

‘‘आणि मावशी म्हणाली, मला वाटलं सेड्रिक आहे तिथे. तू काय सांगितलंस त्यांना?’’

‘‘सांगितलं, सेड्रिक होता तिथे.’’

चैत्रालीने तोंड फिरवलं. आणि मग मी जे बोलले, ते संतापाने बोलले, पण त्यातला शब्दही मागे घ्यायची माझी इच्छा नाही. ‘‘तू बापाला मारलं नाहीस, राजस. मायेने चूक केलीस. त्याच दिवशी हे सांगितलं असतंस तर पोलिसांनी तुझ्या खांद्यावर हात ठेवला असता. तुझं मोठं घर, तुझा चेहरा, तुझी नोकरी बघून त्यांनी तुला दुःख झालंय असं धरलं. सेड्रिकलाही दुःख झालं होतं. त्याच्या चेहऱ्यावर त्यांना ते दिसलंच नाही. तुला हे त्याच दिवशी कळलं होतं. आणि तू ते तसंच चालू दिलंस.’’

‘‘मला भीती वाटली.’’

‘‘बाहेर गाडीत त्याची मावशी बसली आहे. तिला जाऊन सांग, तुला कशाची भीती वाटली ते.’’

५

तो गाडीपाशी गेला. काय बोलला ते मी ऐकलं नाही. डेल्फिनने काच पूर्ण खाली केली नव्हती.

सोमवारी कोर्ट भरायच्या आत मिस टॅलबटने त्याला पोलिसांपुढे नेलं. मी सोबत होते. त्याच ऑफिसरने त्याचं सगळं ऐकून घेतलं, मध्ये कागदी पेल्यात पाणी आणून दिलं, आणि शेवटी म्हणाला, ‘‘वडिलांबद्दल वाईट वाटलं, सर. लागलं तर बोलावू.’’ राजस स्वतः गाडी चालवत घरी गेला.

सेड्रिकने सही केली नाही. पण सुटायला त्याला आणखी तीन आठवडे लागले. कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होते. डेल्फिन रोज तुरुंगाच्या पार्किंगमध्ये जाऊन बसायची. त्या काळात ती रविवारी आली नाही. मी पोहे केले नाहीत.

सुटल्यावर तो एकदाच देवस्थळींकडे आला, राहिलेली पुस्तकं घ्यायला. डेल्फिन गाडीत बसून राहिली. मी मागून माझ्या गाडीने गेले होते.

संध्याताई दारात आल्या. त्यांनी सकाळपासून खपून स्वयंपाक केला होता. ‘‘आत ये बाळा, टेबलावर बस. तुझा डबा आणला असशील तर तोही आत आण,’’ त्या मराठीतच म्हणाल्या. मी इंग्रजीत सांगितलं, एकही शब्द न गाळता.

‘‘नो, मॅम. थँक यू,’’ सेड्रिक म्हणाला. तो पलंगाच्या खोलीत मात्र गेला. कठड्यावरून हात फिरवला. राजस दाराशी उभा होता. माफी मागून झाली होती, आणि तिचं काय करायचं ते दोघांनाही कळत नव्हतं.

मग राजसने विचारलं, ‘‘ते वाजवत होते. दोन, दोन. तुला त्यांचं सगळं कळायचं. दोन म्हणजे काय?’’

मला उत्तर माहीत होतं. मी सेड्रिककडे पाहिलं. वाटलं, काहीतरी मऊ सांगेल. आणि खरं सांगते, त्याने तसं सांगावं अशी माझी इच्छाही होती.

‘‘नको,’’ सेड्रिक म्हणाला. ‘‘दोन म्हणजे नको. ते तुला नको म्हणत होते. मीही पोलिसांना तेच म्हणत होतो. रोज.’’

त्याने पुस्तकं उचलली आणि बाहेर गेला. राजस पलंगाच्या कठड्याला धरून उभा राहिला. संध्याताईंचं ताट टेबलावर वाढलेलंच होतं.

मी अंगणात डेल्फिनच्या खिडकीशी गेले. या वेळी काच पूर्ण खाली होती, पण ती समोरच बघत होती.

‘‘पानाची गोष्ट तू सांगितलीस म्हणून त्यांनी ऐकलं,’’ ती म्हणाली. ‘‘मी सांगत होते, मी त्याला ओळखते. ते पुरलं नाही. मला तुझा राग नाही, डॉक. पण राग आहे.’’

‘‘असू दे,’’ मी म्हटलं. ‘‘रविवारी येशील?’’

तिने गाडी सुरू केली, आरसा नीट केला. सेड्रिक मागे पुस्तकं मांडीवर घेऊन डोळे मिटून बसला होता. मग तिची अंगठी स्टिअरिंगवर वाजली. ठक.

मी श्वास धरून दुसऱ्या ठोक्याची वाट बघत राहिले. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली, तरी तो आला नाही.